आबांचं केलं तेच

आमच्या सासरी काही दुखण्यांना नावच नव्हतं. गुडघा दुखला तर गुडघा, पोट दुखलं तर पोट. पण मधल्या भागात काही झालं की घरातले सगळे पुरुष एकदम मुके. गडहिंग्लजची माणसं एरवी साधं मीठ मागतील तरी भांडण चाललंय असं वाटावं, इतका आवाज! आणि असलं काही निघालं की कुजबूज सुरू, नाहीतर "बायकांनी नको त्यात पडू नये" म्हणून आम्हाला सैपाकघरात पिटाळायचं. मला याचा राग यायचा, अजूनही येतो. उष्टी-खरकटी, अंथरूण-पांघरूण सगळं आम्ही करायचं आणि दुखणं काय ते तेवढं आम्हाला कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

पहिल्यांदा हे मी मामंजींच्या वेळी बघितलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांची मुलं त्यांना आबा म्हणायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांची कंबर इतकी दुखायला लागली की बसलं तर उठता येईना, उठलं तर बसता येईना. आधी मालिश, मग लेप, मग कुणीतरी सांगितलेला पट्टा. शेवटी थोरल्या दिरांनी त्यांना जीपमध्ये घालून डॉक्टरांकडे नेलं. दिरांना आम्ही सगळेच आण्णा म्हणायचो. त्या बाजूला कानडी वारा, थोरला भाऊ तो आण्णाच. त्यांचा गुळाचा व्यापार, घरातला शब्द त्यांचा. काही दिवसांनी सगळे परत आले ते मामंजींचं ऑपरेशन करूनच. कसलं, तर "लघवीचं. बारकंसं हुतं, झालं." विषय संपला.

मला आण्णांनी एवढंच सांगितलं होतं, तेही माझ्याशी नाही, माझ्या नवऱ्याशी बोलत, की तिला म्हणावं आबांना दोन पायजमे शिवून दे. नाडीचे, आसन चांगलं ढिलं, आणि मधोमध जाड शिवण नको, काचायला नको. मी कोल्हापुरात राजारामपुरीत शिवणक्लास चालवत होते. शिवून दिले. का, कशाला, विचारलं नाही. त्या पायजम्यात मामंजी महिन्याभरात बाजारापर्यंत चालत जायला लागले. कंबर दुखायची थांबली. पण भर थंडीत त्यांना घाम फुटायचा, अंगातला सदरा भिजायचा, आणि ते कुणाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलेनासे झाले. दोनेक वर्षांनी गेले. मला वाटलं, म्हातारपण.

पुढं दोन हजार साल उलटून गेल्यावर तेच माझ्या नवऱ्याकडं आलं. हे बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर व्हायला थोडे दिवस उरले होते. कंबर-बिंबर काही दुखत नव्हती. फक्त सारखं लघवीला जाणं वाढलेलं. बाजारात गेलो की हे आधी आडोसा शोधणार. मी कितीदा म्हटलं, दाखवा. "वयाचं असतंय गं, कारखान्यात सगळ्यांचं असंच हाय." म्हटलं, मग कारखाना सगळाच दाखवा! शेवटी राजारामपुरीतल्याच एका मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे गेले. बोटानं तपासणी झाली, रक्त तपासलं, त्यातला एक आकडा वाढलेला निघाला. मग सुईनं पुरुषांना मूत्राशयाखाली असते त्या गाठीचे, प्रोस्टेट म्हणतात तिचे, बारीक तुकडे काढून कॅन्सर आहे का ते बघायला पाठवले.

रिपोर्टच्या दिवशी आण्णा गडहिंग्लजहून पहिल्या एस.टी.नं हजर. दोघं भाऊ डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी उठले तर आण्णा दारातूनच ह्यांना म्हणाले, "तिला बाहीरच बसू दे. पुरुषांचं हाय." मी बसले बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. आतून आण्णांचाच आवाज येत होता, तोही नेमका न कळण्याइतका. बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा. रिक्षात आण्णा ह्यांच्या कानाशी म्हणाले, "सहा आलंय म्हणं." तेवढं मात्र मी ऐकलं.

सहा! माझ्या क्लासमधल्या एका मुलीची मावशी कॅन्सरनं गेली होती, तिची चौथी स्टेज होती आणि चौथीच्या पुढं काही नसतं हे मी त्या मुलीच्याच तोंडून ऐकलेलं. चौथीत माणूस जातो, मग सहा म्हणजे काय? आमचं माणूस तर माझ्याशेजारी रिक्षात बसलेलं, पायात चपला, हातात छत्री. मी घरी येऊन भात लावला आणि त्यात पाणी घालायचंच विसरले. करपला. आण्णा तसलाच जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

त्यानंतर आठवडाभर घरात कुणी काही बोलेना. मी विचारलं की हे, "आण्णा बघतायत." आण्णांचा फोन आला की हे दार लोटून बोलणार. मी मनातल्या मनात ह्यांच्याशिवायचं घर मांडून बघायची आणि पुन्हा मोडायची. एका बाईचा ब्लाऊजपीस मी वाकडा कापून ठेवला. भरून द्यावा लागला, पण त्याचं काही वाटलं नाही. मला ह्यांच्या जिवाची भीती वाटत होती. मी फार घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते. घरातलं प्रत्येक भांडं त्या दिवसांत आपटून ठेवलं गेलं.

आणि एक दिवस फोन ठेवून हे म्हणाले, "आण्णांनी सांगितलंय, आबांना शिवलं हुतंस तसलं पायजमं दोन शिवून ठेव. बेस्तरवारी जीप घिऊन येणार हायत."

दुपारची वेळ होती. क्लासच्या मुली नुकत्याच गेलेल्या. मी टेप घेऊन ह्यांचं माप घ्यायला लागले, आणि आसनाचं, म्हणजे दोन पायांच्या मधलं, माप घेताना माझा हात थांबला. आसन ढिलं, मधोमध शिवण नको. इतकी वर्षं मी कपडे शिवतेय. कुठं काचतंय म्हणून शिवण नको, हे मला कळायला नको? मामंजींच्या वेळी मी सासरच्या धाकात होते, डोकं चालवलं नव्हतं. आता चाललं.

"मामंजींचं कसलं ऑपरेशन झालंतं?" मी विचारलं.

ह्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

"अहो, मी काय विचारतेय? काय काढलंतं त्यांचं?"

हे खाली बसले, तिथंच, कापडाच्या चिंध्यांवर. आणि तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या नवऱ्यानं तो शब्द माझ्यासमोर उच्चारला. "आबांच्या गोट्या काढल्या. दोन्ही. आता माझ्या काढणार हायत." आणि रडायला लागले. मोठा माणूस, कारखान्यात लोखंड पिळणारा, हातावर तोंड ठेवून रडत होता. म्हणाले, "तुला काय तोंड दावू मी?"

मी पण खाली बसले. एकदम हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. म्हटलं, "मरणाचं सोंग घेऊन आठवडाभर फिरताय ते ह्यासाठी? अहो, तुम्ही जगत असाल तर काय बी काढू द्या! मला तुम्ही पाहिजेत. बाकीचं मी काय आता लोणचं घालणाराय?"

हेही हसले, नाक ओढत. मग मी डोळे पुसून विचारलं, "हे डॉक्टर म्हणाले, का आण्णा म्हणाले?"

तेव्हा खरं बाहेर आलं. डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. त्यांनी आधी पुण्याला जाऊन हाडांचा स्कॅन करायला सांगितलं होतं, मग सगळं घेऊन या, बसून बोलू, म्हणाले होते. आण्णाच खोलीत म्हणत राहिले, आमच्या वडिलांना हाच रोग होता, त्यांचं केलं तेच करून टाका. डॉक्टर नाही म्हणाले तर नंतर आण्णा फोनवर म्हणाले, "हे नवीन डॉक्टर नुस्तं फिरवत बसत्यात. रोग त्योच, घर त्येच, मग औषध निराळं कसं?" आणि आबांचं जिथं झालं तिथंच बेस्तरवारचं ठरवून मोकळे झाले.

"आणि तुम्ही मान हलवलीसा?"

"आण्णांना न्हाय कसं म्हणू?"

मी उठले. पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि ह्यांना म्हटलं, चला. राजारामपुरीतच तर दवाखाना, दोन गल्ल्या पलीकडं. हे मागं आणि मी पुढं, अशी वरात निघाली. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "पेशंटबरोबर पुरुष माणूस कोण आहे?" म्हटलं, "पेशंट हाय की पुरुष, आणि एक कशाला पायजे?" आणि आत गेले.

डॉक्टर चाळिशीचे असतील, शांत माणूस. मी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "डॉक्टर, सहावी स्टेज म्हणजे किती दिवस?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. "सहावी स्टेज असं काही नसतं, ताई. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही कुणालाही सांगू शकते, कारण मी एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारून घेतली. ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी अजून किती शिस्तीत आहेत, किती बिघडल्यात, ते बघून आकडा देतात. जी ठेवण सर्वांत जास्त दिसते तिला एक आणि तिच्या खालोखालच्या ठेवणीला एक. ह्यांचे दोन्ही तीन. तीन आणि तीन सहा. सुईच्या तुकड्यांत सहाच्या खाली सहसा कुणी देत नाही, आणि वर दहापर्यंत जातो. सात मधला. आठ, नऊ, दहा म्हणजे तापट, पसरायला बघणारा. "सहा म्हणजे यातला सर्वांत शांत," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे सहा चांगले?"

"कॅन्सरमध्ये चांगलं म्हणायचं तर, हो."

देवा! एक आठवडा मी ज्या सहाच्या नावानं रडले ते सहा चांगले निघाले. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघत होते.

"ह्याला ग्रेड म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "स्टेज निराळी. तो कुठवर गेलाय, ती स्टेज. गाठीच्या आतच आहे, की तिची भिंत ओलांडून बाहेर आलाय, की हाडापर्यंत पोचलाय." मला माझ्या धंद्यातलं पटकन सुचलं. कापड कसलं आहे हा एक प्रश्न आणि डाग कुठवर गेलाय हा दुसरा. एकावरून दुसरं समजत नाही, दोन्ही बघावं लागतं. तसं म्हणाले तर डॉक्टर हसले, हो म्हणाले. बोटाच्या तपासणीत तरी त्यांना गाठीच्या आतच वाटत होतं. पण खात्रीसाठी हाडांचा स्कॅन पाहिजे. तो स्वच्छ आला तर रस्ते तीन. काही न करता ठरावीक काळानं रक्त तपासत नीट लक्ष ठेवायचं. किंवा पूर्ण प्रोस्टेट काढायची. किंवा बरेच आठवडे लाईट घ्यायची, रेडिएशन.

"आणि त्या गोट्या?" मी विचारलं. हे खोकले. डॉक्टर खोकले नाहीत. म्हणाले, "त्याचा इथं काही संबंध नाही. पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर हा रोग पोसतो. तो हाडात गेला की हार्मोन बंद करायला ते ऑपरेशन करतात, मग भर थंडीतही घाम फुटतो. आतल्या आत असलेल्याला ते कशाला?"

मी आणखी विचारलं. प्रोस्टेट काढली तर लघवीवर ताबा राहील का. काही महिने गळेल, बहुतेकांचं सुधारतं, एखाद्याचं नाही. आणि नवरा-बायकोचं? कमी होऊ शकतं, जाऊही शकतं. लाईटनंही, जरा सावकाश. त्यांनी लपवलं नाही. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या विषयावर माझ्याशी सरळ बोलणारा हा पहिला पुरुष.

बेस्तरवारी आण्णा जीप घेऊन आले. मी दारातच उभी राहिले. मोठ्या दिरांसमोर मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "आण्णा, ते येणार न्हाईत. आम्ही पुण्याला जातोय. ते ऑपरेशन ह्यांचं न्हाय."

"आबांना मी नेलतं," आण्णा ओरडले. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "तवा कुणी काय बोललं न्हाय! आबांचं केलं ते खोटं व्हतं व्हय मग?"

"तवा आम्हाला कुणी सांगितलंच न्हवतं, बोलणार काय?"

आण्णांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्यामागं उभे होते, पण उभे होते. म्हणाले, "आण्णा, ती म्हणतेय तसं करूया की." आण्णा चहा न घेता वळले. जीप गेली ती धुरळा उडवत.

पुण्यातलं आम्हाला काही माहिती नाही. दवाखान्यात ह्यांना इंजेक्शन दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि बसवून ठेवलं. शेजारी बसलेल्या साताऱ्याकडच्या एकानं विचारलं, "काय पावणं, कुठलं गाव?" आणि ह्यांनी कधी नव्हे ते सगळं सांगून टाकलं, प्रोस्टेटपासून सहापर्यंत, त्या माणसाला आणि त्याच्या शेजारच्याला. मी ऐकत होते. मग ह्यांना मशीनखाली निजवलं. रिपोर्ट हातात आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं स्वच्छ आहेत. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग स्टँडवर येऊन मी बाकावर बसून हुंदके देऊन रडले, आणि हे माझ्यासमोर गरम भजी घेऊन उभे, "खा की गं, खा की" म्हणत. इतकी चांगली भजी मी कधी खाल्ली नाहीत.

ह्यांनी प्रोस्टेट काढायचंच ठरवलं. डॉक्टर म्हणाले, थांबलात तरी चालेल. हे म्हणाले, "ते आत हाय म्हटल्यावर मला थांबणं जमायचं न्हाय." त्यांचा जीव, त्यांचा निर्णय. ऑपरेशन झालं. नळी लावून घरी आले, पिशवी बाजूला अडकवून खुर्चीत बसायचे. नळी निघाल्यावर गळायचं. मी धुता येतील अशा जाड घड्या शिवल्या, आणि शिकायला आलेल्या मुलींनी कशाच्या म्हणून विचारलं तर सरळ सांगितलं. काही महिन्यांत ते जवळजवळ थांबलं. दुसरं जे जायचं होतं ते बरंचसं गेलं. आम्ही त्याबद्दलही बोललो, आता बोलता येत होतं. काढलेली गाठ तपासली, सगळं आतल्या आत होतं, कडा साफ. रक्तातला आकडा मोजण्याइतकाही राहिला नाही. दर वेळी तपासणीच्या आधी मी चिडचिडी व्हायची आणि नंतर शिरा करायची.

आण्णा मात्र ऑपरेशनला आले नाहीत. फोन यायचा, "बरा हाय?" एवढं विचारून ठेवायचे. मला वाटायचं, राग. शब्द मोडला म्हणून मोठ्या माणसाचा राग.

गुऱ्हाळं सुरू झाल्यावर एक दिवस आले. गुळाची ढेप दारात ठेवली. हे कारखान्यात हिशेब मिटवायला गेले होते. आण्णा बसले, पाणी प्याले. मी म्हटलं, "आण्णा, डॉक्टर म्हणालेत, तुम्ही पण रक्त तपासून घ्यायचं. वडिलांना आणि भावाला असलं की घ्यावं लागतं."

"घीन," म्हणाले. मग टोपी सारखी केली. आणि माझ्याकडं न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ह्याचं ते न काढता भागलं. मग आबांचं मी उगीच काढाय लावलं का गं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आबांना मी इचारलं न्हवतं," आण्णा म्हणाले. "डाक्टरला म्हटलं करा, आणि केलं. शुद्धीवर आल्यावर त्यांना कळलं. त्यानंतर मरस्तवर माझ्याकडं बघून बोललं न्हाईत. ह्याचं बी तेच करायचं ठरलं असतं, तर मला वाटलं असतं, दुसरा विलाज न्हवताच."

असं होतं तर ते. इतके महिने मी ज्याला राग म्हणत होते ते हे ओझं होतं. पण उत्तर माझ्याकडं होतं, कारण डॉक्टरांना मी त्या पहिल्याच दिवशी हेही विचारलं होतं.

"आण्णा, ऐका माझं. मामंजींचं हाडात गेलं होतं. म्हणून तर कंबर दुखत होती. त्याला त्या वेळी तेच औषध होतं. डॉक्टर म्हणाले, मी असतो तरी तेच केलं असतं. त्यांना विचारायला पायजे होतं, ते खरं. पण ऑपरेशन चुकीचं न्हवतं. त्यानंतरच ते चालायला लागले ना? बाजारात जाऊन यायचे ना? ती दोन वर्षं बिनदुखण्याची गेली ती तुमच्यामुळं."

"बरोबर केलं म्हणतीस?"

"व्हय. बरोबर केलंसा."

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. खांदे हलत होते. जरा वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.